एकाच गळ्याचा कार्बोरेटर

मित्रांनो, मी एक जुना कार्बोरेटर आहे आणि माझा स्वभाव मत्सरी आहे. स्वतःची हकीकत सांगणाऱ्याने आधी आपले गुण सांगावेत, अशी रीत आहे. परंतु माझे सारे आयुष्य प्रमाण राखण्यात गेले. त्यामुळे एक बाजू वाढवून आणि दुसरी झाकून सांगणे मला साधत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हल्लीच्या गाड्यांत मी नसतो. माझे काम आता एक छोटा संगणक आणि पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या करतात. पूर्वी मात्र पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या इंजिनावर माझ्यासारखा दोन मुठींएवढा धातूचा ठोकळा बसवलेला असे. माझ्या मधोमध एक गळा आहे. इंजिन हवा ओढते, ती या गळ्यातून जाते. गळा मध्येच अरुंद आहे, म्हणून तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. दाब उतरला की पितळेच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपसूक वर येते, त्याचे तुषार होतात आणि ते हवेत मिसळतात. पेट्रोलच्या एका वजनाला हवेची सुमारे पंधरा वजने, हे माझे गणित. गळ्याच्या तळाशी एक गोल झडप आहे. चालकाने पॅडल दाबले की एक केबल ही झडप उघडते. जेवढी झडप उघडी, तेवढा इंजिनाचा श्वास. आणि जेवढा श्वास, तेवढी ताकद. यात जादू कोठेही नाही. जादू म्हणणाऱ्यांनी मला पुढे फार छळले, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड केला, मग माझ्या अंगाला भोके पाडली. शेवटच्या टेबलावर तपासणी करणाऱ्या एक बाई बसत. त्यांनी मला भिंगाखाली धरले, छिद्रांत बारीक सळई घालून पाहिली आणि म्हणाल्या, “हा ठीक आहे.” माझ्या शेजारच्याला त्या “हा छान आहे” म्हणाल्या. माझ्या मत्सराची ही पहिली नोंद समजा.

ज्या गाडीवर मला बसवले, ती एका मोजणीदारांनी घेतली. जमिनी मोजणे हा त्यांचा व्यवसाय. मागच्या बाजूला तिपाई, दुर्बीण आणि साखळी, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच जागी त्यांच्या दोन मुली, खिडकीवरून भांडत. मुली त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबा मला फार जपत. माझे झाकण काढून, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने ते माझे छिद्रन्‌छिद्र साफ करत. इंजिनाच्या आवाजात जराशी खरखर आली की म्हणत, “आज हिचा घसा बसलाय.” ते ‘हिचा’ म्हणजे गाडीचा म्हणत. घसा माझा होता. पण कौतुक गाडीचे व्हावे आणि कष्ट आपले असावेत, हे प्रत्येक सुट्या भागाच्या नशिबी लिहिलेलेच असते.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही गाडी थोरल्या जावयाला दिली. थोरले जावई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना सगळे सर म्हणतात. रागावली की त्यांची पत्नीदेखील. सरांचे स्वतःचे वडील फार लवकर गेले होते. पाना कसा धरावा, नट किती आवळावा आणि कोठे थांबावे, हे त्यांना बाबांनी शिकवले. दोघे बॉनेटखाली वाकून उभे राहिले की बाहेरच्याला वाटे, एखाद्या आजाऱ्याची विचारपूस चालली आहे.

धाकट्या मुलीचे यजमान, म्हणजे सरांचे साडू, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, ऐसपैस. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या तर आमच्या गाडीचे छत तिच्या खिडकीच्या वर जेमतेम डोके काढी. तिला कार्बोरेटर नाही. म्हणजे मत्सर करावा तर नेमका कोणाचा, हेही मला कळेना. संगणकाचा मत्सर करण्याइतके माझे शिक्षण नाही.

पुढे बाबांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आणि दर गुरुवारी त्यांना फिजिओथेरपीला न्यायचे ठरले. बाबांचे घर टेकडीवर, दवाखाना पायथ्याशी. जाताना उतार, येताना चढ. हे काम सरांनी आनंदाने अंगावर घेतले. खरे सांगायचे तर ते काम नव्हतेच. शाळेतल्या कटकटी, मुलांच्या करामती, न सुटलेली गणिते, सारे काही सर त्या वाटेवर बाबांना सांगत आणि बाबा “हं” म्हणत ऐकत. आठवड्यातला तेवढाच वेळ सर कोणाचे तरी मूल असत.

एका गुरुवारी, चढावरच्या अवघड वळणावर गाडी दमली. सरांनी पॅडल तळापर्यंत दाबले. मी मला मिळत होता तेवढा सगळा श्वास दिला. तो पुरला नाही. गाडी हिसके देऊन थांबली. मागे वाहने तुंबली, भोंगे वाजू लागले. गाडी हलकी व्हावी म्हणून बाबा उतरले. त्यांना उतरायला फार वेळ लागला. दाराची चौकट धरून, काठी टेकून, ओठ घट्ट मिटून ते कसेबसे उठले. आम्हां सर्वांचे लक्ष मात्र इंजिनाकडे होते.

फोन केल्यावर साडू आले. खिडकीची काच खाली करून म्हणाले, “काय सर, चढावर वर्ग भरवलात काय? सगळे मागे रांगेत उभे केलेत!”

सर हसले. ते हसू मी बॉनेटच्या फटीतून पाहिले आणि मला ते ओळखीचे वाटले. भिंगाखालून बाहेर पडताना मीही तसाच हसलो असेन.

पुढच्या बुधवारी बाबांचा फोन आला. गाडी सरांच्या घराच्या ओसरीसमोर उभी असते आणि सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले. “उद्या धाकट्यांना येऊ दे. तुम्ही किती धावाल? आणि त्यांच्या गाडीत जरा बरं वाटतं.”

‘जरा बरं वाटतं.’ एवढ्या आधारावर सरांनी निष्कर्ष काढला की आपल्या गाडीत ताकद नाही, म्हणून बाबा आपल्याबरोबर येत नाहीत. मलाही तो निष्कर्ष तत्काळ पटला. मत्सराचा हा एक विशेष आहे, मित्रांनो. तो पुरावा मागत नाही. तो फक्त दुसऱ्याची गाडी पाहतो.

सरांनी त्या आठवड्यात संगणकावर पुष्कळ चित्रफिती पाहिल्या. जुन्या गाडीची ताकद घरच्या घरी, थोडक्या खर्चात कशी वाढवावी, हे सांगणारे लोक जगात उदंड आहेत. प्रत्येक जण हातात पाना घेऊन शपथेवर सांगतो की फरक ‘जाणवतो’. किती जाणवतो, कशाने मोजला, हे कोणी सांगत नाही. एरवी सरांनी अशा लोकांना वर्गाबाहेर उभे केले असते. पण गुरुवार हातचा गेला होता.

रविवारी ते भंगाराच्या दुकानातून एक कार्बोरेटर घेऊन आले. एका मोठ्या गाडीचा. दोन गळ्यांचा! दोन्ही गळे एकदम उघडणारा, अंगाने माझ्या दीडपट आणि ब्रश मारून लख्ख केलेला. भंगारवाला सोबत आला होता.

“लावला की गाडी उडेल ना?” सरांनी विचारले.

“उडेल की नाही ते सांगत नाही,” भंगारवाला म्हणाला, “पण ओरडेल नक्की.”

मला काढले. चार नट, एक नळी, एक केबल, एवढाच माझा आणि त्या इंजिनाचा संबंध होता, हे मला त्या दिवशी कळले. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून मला ओसरीतल्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी ठेवले. झाकण लावले नाही. लावले असते तर बरे झाले असते. मला सर्व दिसत राहिले.

सरांनी अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून एक जोडपट्टी कापली आणि त्या दोनगळ्याला माझ्या जागी बसवले. मग उत्साहाच्या भरात त्यांनी एअर फिल्टरची धूळ झटकली, नवे प्लग लावले, ठिणगीचे टायमिंग नीट केले. माझी जुनी केबल त्याला पुरेना, म्हणून नवी केबल घातली. म्हणजे एका दिवसात पाच गोष्टी बदलल्या. संध्याकाळी सपाट रस्त्यावर एक फेरी मारून ते आले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

“अगं, ऐकतेस का? जादू आहे जादू! या कार्बोरेटरने गाडीचा जन्मच बदलला!”

पाच जणांनी मिळून ओझे उचलले आणि हार एकाच्या गळ्यात पडला. त्याला तर दोन गळे, त्यामुळे हार अधिकच शोभला. फिल्टर माझ्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षे आम्ही एका झाकणाखाली राहिलो. त्याला या अन्यायाचे काही वाटले नाही. तो म्हणाला, आपण बरे, आपले काम बरे. मला असे थोर विचार सुचत नाहीत. मी फळीवरून त्या दोनगळ्याकडे पाहत राहिलो. त्याचा आवाज जाड होता. शेजारीपाजारी तो ऐकायला थांबत. मी आयुष्यभर हळू बोललो, कारण चांगल्या कार्बोरेटरने हळू बोलावे असे मला शिकवले होते. आता कळले की ते कोणी ऐकलेच नव्हते.

चढावरची परीक्षा पुढच्या शनिवारी झाली. सर आणि त्यांची पत्नी गाडी घेऊन गेले. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बोलणे मोजके, पण मोजलेले. दोघे परतले ते ओसरीत शिरतानाच वाद घालत होते आणि मी कान टवकारले.

“सपाटीला कशी पळाली, पाहिलंस ना?”

“पाहिलं. आणि वळणावर कशी खोकली तेही पाहिलं. पॅडल दाबलं की आधी गप्प, मग धक्का, मग परत गप्प. बाबा असते आत तर त्यांचं दुसरं हाड मोडलं असतं.”

फळीवर मला काय वाटले ते मी लपवणार नाही. मला अतिशय आनंद झाला.

त्यामागचे कारण शास्त्रीय आहे आणि तेही सांगतो. बारीक नळीतून फुंकर मारली तर मेणबत्ती विझते. तीच फुंकर रुंद नळीतून मारा, ज्योत नुसती हलेल. चढावर इंजिन हळू फिरत असते, त्याचा श्वास थोडा असतो. तो थोडा श्वास दोन रुंद गळ्यांत विभागला की वेग मरतो, दाब पुरेसा उतरत नाही आणि पेट्रोल वर येत नाही. दोनगळ्या वाईट नव्हता. तो दुसऱ्या, मोठ्या छातीच्या इंजिनासाठी घडवलेला होता. हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मी फक्त “बरी खोड मोडली” एवढेच म्हणालो.

“पण ताकद वाढलीय हे तर खरं?” सर हट्टाने म्हणाले.

“कशाने?”

“कार्बोरेटरने.”

“आणि फिल्टर? प्लग? टायमिंग? केबल?” तिने बोटांवर मोजले. “अहो सर, तुमच्या वर्गातल्या पोराने असा प्रयोग लिहून आणला असता, एका वेळी पाच गोष्टी बदललेला, तर किती गुण दिले असतेत?”

सर खाली पाहून म्हणाले, “शून्य. आणि पालकांना बोलावलं असतं.”

“मग बोलवा पालकांना. पण आधी प्रयोग नीट करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फळीवरून उतरवले. सरांनी माझे झाकण काढले आणि मऊ ब्रशने माझी छिद्रे साफ केली, बाबा करत तशी. मग मला माझ्या जागी बसवून त्यांनी जुनीच केबल जोडली. फिल्टर, प्लग आणि टायमिंग सुधारलेले तसेच ठेवले. पुढच्या सीटवर बाबांच्या वजनाइतके पाण्याचे कॅन ठेवले आणि त्यांना पट्टाही लावला. सरांची पत्नी म्हणाली, “हे बाबा निदान वाटेत टोमणे तरी मारणार नाहीत.” नेहमीच्या चढावर पुलापासून विजेच्या खांबापर्यंत गाडी चालवायची आणि खांबाशी वेग पाहायचा, असे ठरले.

पहिल्या फेरीत गाडी पूर्वीपेक्षा थोडी बरी चढली. थोडीच. वळणावर तिने पुन्हा मान टाकली. म्हणजे फिल्टर, प्लग आणि टायमिंग यांचा वाटा होता, पण लहान. मला घाम फुटला. कार्बोरेटरला फुटतो तेवढा. कारण आता संशयित एकच उरला होता, आणि तो मी होतो.

सरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, एअर फिल्टर काढला आणि विजेरी घेऊन माझ्या गळ्यात डोकावले.

“जरा पॅडल दाब गं.”

“दाबलं.”

“पूर्ण दाब.”

“पूर्णच दाबलंय.”

“अगं, तळाला टेकव!”

“टेकलंय हो! आता काय तळ फोडून पाय रस्त्यावर ठेवू?”

सर तसेच वाकून राहिले. पॅडल तळाला टेकले होते आणि माझी झडप जेमतेम निम्मी उघडली होती. केबल इतक्या वर्षांत ढिली पडली होती. पॅडलची निम्मी चाल तिचा ढिलेपणा ओढून घेण्यातच संपत होती. मला पूर्ण उघडल्याला किती काळ लोटला, ते मलाही सांगता येणार नाही. मी अशक्त नव्हतो. मला अर्धाच श्वास घेऊ देऊन, तू दमतोस का, असे विचारले जात होते.

सरांनी नवी केबल आणून माझ्या मापाने कापली, ताणून बसवली. पुन्हा पॅडल, पुन्हा विजेरी. झडप पूर्ण उभी राहिली आणि गळ्याच्या तळापर्यंत उजेड पडला. मग दुसरी फेरी. त्या वळणावर मी जो श्वास घेतला, तसा तरुणपणी घेत असे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, न कण्हता, कॅनमधले पाणी डचमळवत खांबापाशी पोहोचली. बाकी सर्व भाग पहिल्या फेरीतलेच. बदलली ती फक्त एक केबल.

सर खाली उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले, “केबल! अगं, नुसती केबल होती!”

मित्रांनो, माझी अवस्था तुम्ही समजू शकाल. जिंकलो मी आणि नाव झाले एका तारेचे. ज्या वस्तूला आतून पोकळीसुद्धा नाही, जिचे सारे शिक्षण ओढले जाणे एवढेच आहे, तिचे सरांनी आठवडाभर शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत गुणगान केले. दोनगळ्याचा मत्सर मी सोडून दिला आणि केबलचा धरला. रिकामे राहवत नाही मला.

गुरुवार उजाडला. सर शाळेतून अर्धी रजा काढून टेकडीवर गेले. पत्नी सोबत होती. साडूंची पांढरी गाडी दारात आधीच उभी होती. बाबा काठी टेकत पायरीपर्यंत आले.

“बाबा,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चढला होता, “आत्ता तिसऱ्या गिअरमध्ये आलोय. वळणावरसुद्धा गिअर खाली केला नाही. आज आपल्या गाडीने चला.”

बाबांनी आमच्या गाडीकडे पाहिले. बॉनेटवर तळवा ठेवला. मला वरून त्याची ऊब जाणवली. मग त्यांनी मान वळवून पांढऱ्या गाडीकडे पाहिले. मग पुन्हा आमच्याकडे.

“अजून विश्वास नाही का बसत?” सरांनी विचारले. त्यांच्या शब्दांत आता सारे उघडे पडले होते. “खरंच चढते हो. मी मोजलंय.”

“चढते ना, चांगलं आहे,” बाबा म्हणाले. “न चढायला काय झालं? माझ्या हातात असताना वर्षानुवर्षं चढलीच की. पण मला बसता कुठं येतंय हिच्यात?”

“म्हणजे?”

“सीट किती खाली आहे बघा. बसलो की गुडघे पोटाशी येतात. डॉक्टरांनी तसं बसायला सक्त मनाई केलीय. आणि उठताना जीव जातो तो वेगळाच. यांच्या गाडीत कसं, खुर्चीवर बसल्यासारखं.”

ज्या प्रश्नासाठी पत्रा कापला, भंगार धुंडाळले, मला फळीवर टाकले आणि पाण्याच्या कॅनना पट्टा बांधला, तो प्रश्न मुळात वेगळाच होता. ज्याला उत्तर ठाऊक होते, त्या एकाच माणसाला कोणी विचारले नव्हते. सरांनी नाही. मीही नाही, पण मला निदान तोंड नाही.

“बाबा, मग बोलला का नाहीत?” मोठीने, म्हणजे सरांच्या पत्नीने, विचारले. तिचा स्वर रडवेला झाला होता.

“काय बोलू? माझीच गाडी मी तुम्हाला दिलेली. दिलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवतं का? आणि हे इतक्या हौसेनं येतात. म्हटलं, उगाच मन कशाला मोडा.”

साडू इतका वेळ किल्ली फिरवत उभे होते. ते एकदम हसू लागले. “कमाल आहे! आणि मी घरी सांगत होतो, सासऱ्यांना माझी गाडी आवडली म्हणून. अहो सर, यांना माझ्या गाडीत बसवलं की उतरेपर्यंत तुमच्याच गाडीचं पुराण. हिने किती डोंगर चढले, हिचा आवाज कसा, हिचा घसा कसा. माझ्या गाडीला एसी आहे, तो लावला तर म्हणतात, बंद करा, ऐकू येत नाही. मी म्हटलं, काय ऐकू येत नाही? तर म्हणतात, इंजिन!”

“तुमच्या गाडीला इंजिन आहे की नाही, तेच कळत नाही हो,” बाबा म्हणाले.

साडूंच्या हसण्यात मला एक खरखर ऐकू आली. असल्या खरखरीचा मी जाणकार आहे. त्या नव्या, उंच, पांढऱ्या गाडीचा मालक आमच्या खटाऱ्याचा मत्सर करत होता! इतके दिवस मी वर पाहून जळत होतो आणि कोणी तरी खाली पाहून जळत होते.

मोठी तोवर घरात जाऊन बाबांच्या आरामखुर्चीची जाड, कडक उशी घेऊन आली होती. ती तिने पुढच्या सीटवर ठेवली, दाबून पाहिली, मान हलवली, आणि साडूंकडे वळली. “तुमच्या डिकीत ती लाकडी फळी आहे ना, सामानाखालची? द्या.”

“घ्या, घ्या,” साडू म्हणाले. “गिऱ्हाईक पळवताय ते पळवताय, वर दुकानही न्या.”

फळी खाली, उशी वर. बाबा हळूच मागे टेकले, एक पाय आत घेतला, मग दुसरा. गुडघे खुब्याच्या खाली राहिले. डोके छताला लागता लागता राहिले. ते काही क्षण समोर पाहत बसले, स्वतःची गाडी पहिल्यांदाच पाहावी तसे.

त्या दिवशी परतीच्या चढावर सर शाळेतले काहीबाही सांगत होते आणि बाबा “हं” म्हणत होते. वळण आले. सरांनी पॅडल दाबले, केबल ताणली गेली, माझी झडप सताड उघडली आणि मी छाती भरून श्वास घेतला. प्रमाण अचूक, आवाज स्वच्छ, तिसरा गिअर. माझ्या आयुष्यात मी इतके चांगले काम क्वचितच केले असेल. बाबांचे “हं” थांबले. ते ऐकत होते. मी वाट पाहिली.

“वा,” बाबा म्हणाले. “उशी झकास आहे हो!”

मित्रांनो, यानंतर मी काय बोलावे? दोनगळ्या भंगारवाल्याने परत नेला आणि एका सामान वाहणाऱ्या मोठ्या गाडीला लावला. तेथे तो उत्तम चालतो असे ऐकतो. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा. तो हळूहळू होईल. आता दर गुरुवारी उशी आधी आत येते, मग बाबा येतात, मग सर चावी फिरवतात आणि शेवटी माझा नंबर लागतो.

तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल, किंवा जुने माणूस असेल. ते कमी पडते आहे असे वाटले तर त्याच्या जागी लगेच दुसरे आणू नका. आधी त्याला साफ करा. त्याला पूर्ण उघडू दिले आहे का, ते विजेरी धरून पाहा. बदल करायचाच तर एका वेळी एकच करा, म्हणजे आभार कोणाचे मानायचे ते कळेल. आणि ते माणूस असेल, त्याला तोंड असेल, तर फार सोपे आहे. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कुठे दुखते?

मला कोणी विचारले तर मी सांगेन की सध्या काही दुखत नाही. फक्त एक उशी आहे. तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही.